लेबलाशेजारची कोरी पट्टी

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहिलं होतं की जुन्या रॉक रेकॉर्डची मूळ प्रत नव्या आवृत्तीपेक्षा चांगलीच वाजणार, असं धरून चालू नका. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला देतो आहे.

प्रश्न: माझ्याकडे लेड झेपलिनच्या दुसऱ्या अल्बमची जुनी अमेरिकन प्रत आहे. २०१४ची नवी आवृत्तीही घेतली. सगळे म्हणतात, जुन्या प्रतीला तोड नाही. मला मात्र जुनी प्रतच पातळ वाटते. माझे कान चुकताहेत का?

नाही, तुमचे कान बरोबर सांगताहेत. रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरा. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, ती वाचा. तिच्यात आकडे असतात, कधी हाताने कोरलेली अक्षरं असतात. तुमच्या प्रतीवर दोन्ही बाजूंना रोमन लिपीत 'आरएल' आणि 'एसएस' दिसतंय का? तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, दिसणार नाही.

'आरएल' म्हणजे रॉबर्ट लुडविग आणि 'एसएस' म्हणजे न्यूयॉर्कचा स्टर्लिंग साउंड हा स्टुडिओ. १९६९ मध्ये लुडविग यांनी तिथे या अल्बमचं कटिंग केलं. कटिंग म्हणजे एकीकडे मास्टर टेप, म्हणजे अल्बमची अंतिम मूळ टेप, वाजत असताना दुसरीकडे लेथ नावाच्या कापणाऱ्या यंत्रावर फिरणाऱ्या लॅकरच्या थाळीत खाच कापणं. त्या थाळीवरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांनी रेकॉर्ड दाबल्या जातात. लुडविग यांनी ती खाच दणदणीत कापली. टेपवर जॉन बोनहॅमचे ड्रम जेवढे होते, तेवढे खाचेत उतरवले. आता खर्ज जितका मोठा, तितके खाचेचे झोके मोठे, आणि साध्या प्लेअरची सुई त्या झोक्यांत टिकत नाही. कंपनीतल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी ती अशीच उडाली. मग खर्ज छाटून, आवाजाची पातळी उतरवून पुन्हा कटिंग करायचं ठरलं. लुडविग यांनी स्वतःच हे मुलाखतींत सांगितलं आहे. त्यानंतरच्या छाटलेल्या प्रतींचं कव्हर तेच, लेबल तेच. तुमची प्रत जुनी आहे, अस्सल आहे, फक्त ती नंतरच्या कटिंगची असणार.

माझ्याकडेही कित्येक वर्षं तशीच छाटलेली प्रत होती आणि मी तिच्यावर खूश होतो. मग एका स्नेह्याकडे 'आरएल' प्रत ऐकली. पहिल्याच गाण्यात मधला गोंधळ संपून ड्रम परत येतात ना, तिथे मला पहिल्यांदा ड्रमचं कातडं ऐकू आलं. नुसता ठोका नव्हे, ठोक्यानंतरचा कातड्याचा थरार. परत येऊन माझी प्रत लावली, तर तो थरार तिच्यात नव्हताच. मी आवाज वाढवून पाहिला, बास वाढवून पाहिला. जे कापताना काढून टाकलं, ते बटण फिरवून येत नाही.

आणखी एक. बँड ब्रिटिश म्हणून ब्रिटिश प्रत शोधायला निघू नका. या अल्बमचं शेवटचं मिक्सिंग न्यूयॉर्कमध्ये झालं होतं. एरवी मात्र ब्रिटनमध्ये तयार झालेल्या अल्बमची ब्रिटिश प्रत आधी ऐकावी, कारण परदेशात बहुतेक वेळा मास्टर टेपची नक्कल जाई, आणि टेपची प्रत्येक नक्कल टेपचा 'स्स' असा आवाज वाढवते, कडा बोथट करते. अमेरिकेत कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने तर बीटल्सच्या काही गाण्यांवर वरून प्रतिध्वनी चढवला होता. तिथे 'मूळ अमेरिकन प्रत' म्हणजे जुन्या काळातली बदललेली प्रत.

'आरएल' मिळाली नाही तर २०१४ची आवृत्ती निःसंकोच ऐका. बँडचे गिटारवादक जिमी पेज यांच्या देखरेखीखाली ती झाली आहे. 'आरएल'चा दणका तिच्यात नाही, पण तुमच्या हातातल्या प्रतीपेक्षा ती भरीव वाटली, तर त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

प्रश्न: १८० ग्रॅमची रेकॉर्ड जास्त चांगली वाजते का?

वजनामुळे नाही. सुई खाचेच्या भिंतींवर चालते, तिला खाली किती प्लॅस्टिक आहे याच्याशी कर्तव्य नसतं. जड रेकॉर्ड हाताला छान लागते, सहसा सपाट राहते, इतकंच. पूर्वीच्या बहुतेक रेकॉर्ड १२० ते १४० ग्रॅमच्या आसपास असत, आणि माझ्या संग्रहातल्या सर्वांत सुंदर वाजणाऱ्या काही रेकॉर्ड त्यांतल्याच आहेत.

वजनापेक्षा मालाची शुद्धता बघावी. १९७३च्या तेलसंकटात विनाइलचा तुटवडा पडला, कारण ते पेट्रोलियमपासूनच बनतं. तेव्हा जुन्या रेकॉर्ड दळून त्यांचा माल पुन्हा वापरला जाई, कधी लेबलाच्या कागदाच्या कणांसकट. सत्तरीच्या मध्यातल्या काही प्रतींत शांत जागी जी बारीक खरखर येते आणि कितीही धुतलं तरी जात नाही, ती अशा मालाची असू शकते.

प्रश्न: नव्या आवृत्त्या डिजिटल फाइलवरून कापतात असं कळलं. मग त्या विनाइलवर ऐकण्यात काय अर्थ आहे? मी फक्त पूर्ण अॅनालॉग रेकॉर्डच घ्यायच्या असं ठरवलंय.

तुमचा निर्णय मला समजतो. टेपवरून थेट कापलेल्या रेकॉर्डवर माझाही जीव आहे. पण निर्णय पक्का करण्याआधी तीन गोष्टी ऐका.

बीटल्सचं उदाहरण घेऊ. २०१२ मध्ये त्यांचे स्टीरिओ अल्बम विनाइलवर परत आले, ते २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या डिजिटल फाइलवरून. २०१४ मध्ये मोनो, म्हणजे सगळे आवाज एकाच वाहिनीत असलेले, अल्बम आले, ते मूळ टेपवरून, मध्ये डिजिटलचा स्पर्श नाही. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत शॉन मॅगी आणि स्टीव्ह बर्कोविट्झ यांनी साठच्या दशकातल्या कटिंग इंजिनियरांच्या टिपणांचा आधार घेऊन ते काम केलं. मी दोन्ही संच ऐकले. मोनो संच मला फार आवडतो. त्यात आवाजांना अंग आहे, गाणारा माणूस दोन पावलांवर उभा असल्यासारखा वाटतो. म्हणजे तुमचं म्हणणं खरं ठरलं, नाही का? पण थांबा. यात अॅनालॉगचा वाटा किती आणि मोनो मिश्रणाचा किती? ती मिश्रणंच वेगळी आहेत. हे दोन संच समोरासमोर ठेवून अॅनालॉग-डिजिटलचा निवाडा होत नाही. मी स्वतः सुरुवातीला तो करून बसलो होतो.

दुसरी गोष्ट. २०२२ मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी ही नावाजलेली कंपनी २०११ पासून आपल्या अनेक आवृत्त्यांत मूळ टेप आधी डीएसडी या डिजिटल स्वरूपात उतरवून घेत होती आणि तिथून कापत होती. ग्राहकांना ते सांगितलेलं नव्हतं. लोक चिडले, आणि त्यांचा राग रास्त होता; विकणाऱ्याने खरं सांगायलाच हवं. पण त्याआधीची अकरा वर्षं याच रेकॉर्डना जाणकार कान पूर्ण अॅनालॉगचे नमुने म्हणून वाखाणत होते, हेही विसरता येत नाही. त्या कानांनी चुकीचं ऐकलं असं मला वाटत नाही. रेकॉर्ड चांगल्या होत्या. कारण मात्र वेगळंच निघालं: काम निगुतीने झालं होतं.

तिसरी गोष्ट तर जुन्या प्रतींचीच. लेथला पुढे मोठा आवाज येणार आहे हे आधी कळावं लागतं, तरच तो दोन खाचांमध्ये पुरेशी जागा सोडतो. त्यासाठी टेप मशीनवर एक जादा हेड असे, जे टेप थोडी आधी वाचून घेई. सत्तरीच्या अखेरीपासून काही ठिकाणी त्या हेडऐवजी डिजिटल डिले वापरू लागले. म्हणजे टेप अॅनालॉग, रेकॉर्ड 'मूळ', आणि तरी खाचेत गेलेला आवाज डिजिटलमधून फिरून आलेला. डायर स्ट्रेट्सचा १९८५चा 'ब्रदर्स इन आर्म्स' तर ध्वनिमुद्रणापासूनच डिजिटल होता. त्या अल्बमच्या बाबतीत मी मूळ एका रेकॉर्डची प्रत सोडून नंतरची दोन रेकॉर्डची आवृत्ती घेईन, कारण १९८५च्या एलपीत जागेसाठी बरीच गाणी छाटली होती आणि पूर्ण लांबी फक्त सीडी-कॅसेटवाल्यांना मिळाली होती.

म्हणून, फाइल की टेप हे जरूर विचारा. पण त्याआधी कापलं कोणी ते विचारा.

प्रश्न: घरच्या घरी दोन प्रतींची प्रामाणिक तुलना कशी करावी?

या प्रश्नाने मला सर्वांत आनंद झाला, कारण बहुतेक भांडणं इथेच मिटतात.

आधी दोन्ही रेकॉर्ड धुवा. नवी कोरीसुद्धा, तिच्यावरही कागदाची धूळ असते. डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवत. लेबल कोरडं ठेवायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा, आणि उभी ठेवून पूर्ण वाळवायची. माझी 'डार्क साइड ऑफ द मून'ची जुनी ब्रिटिश प्रत पहिल्यांदा ऐकली तेव्हा सुरुवातीच्या हृदयाच्या ठोक्यांत इतकी खरखर होती की मी ती बाजूला टाकली. दोन वर्षांनी दोनदा धुऊन लावली. ठोके काळ्याकुट्ट शांततेतून आले. खाचेत घाण होती, खाच शाबूत होती.

मग आवाजाची पातळी. हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त लोक हेच विसरतात. दोन प्रतींपैकी एक एखाद्या डेसिबलने जरी मोठी कापलेली असेल, तर ती मोठी आहे असं जाणवत नाही. ती अधिक जिवंत, अधिक उघडी, अधिक खरी वाटते. बीटल्सच्या 'रबर सोल'चं पहिलं मोनो कटिंग संग्राहकांत 'लाउड कट' म्हणूनच ओळखलं जातं. ते लवकरच मागे घेतलं गेलं. त्याच्याशी कुठलीही दुसरी प्रत तशीच लावून पाहिली, तर ती बिचारी हरणारच. माझा अनुभव सांगतो. एका अल्बमची मूळ प्रत नव्या आवृत्तीपेक्षा कितीतरी सरस आहे, असं मी वर्षभर छातीठोकपणे सांगत होतो. एका संध्याकाळी फोनमधलं आवाज मोजायचं अॅप खुर्चीच्या जागी ठेवलं आणि गाण्याचा तोच तुकडा दोन्ही प्रतींवर मोजला. मूळ प्रत जवळपास दोन डेसिबलने मोठी होती. पातळी सारखी केली आणि पत्नीला सांगितलं, मी पाठ करून बसतो, तू हवी ती लाव आणि नाव सांगू नकोस. आठपैकी पाच वेळा मी नवी प्रत निवडली. त्या दिवसापासून मी पातळी जुळवल्याशिवाय मत देत नाही.

तुकडा लहान घ्या, अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. कान बारकावे फार वेळ धरून ठेवत नाही. आणि दोन्हीकडे तो तुकडा रेकॉर्डवर कुठे आहे हेही बघा. ३३⅓च्या वेगात बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेच संगीत तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. त्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात, झांजा फुटतात. नव्या आवृत्तीत अल्बम दोन रेकॉर्डवर पसरलेला असेल तर तेच गाणं बाहेरच्या मोकळ्या जागेत येतं. मग ते स्वच्छ वाजलं, तर श्रेय जागेचं आहे.

सुईकडेही लक्ष द्या. साधी गोल टोकाची सुई आणि बारीक धारेची सुई खाचेत वेगवेगळ्या उंचीवर टेकतात. पूर्वीच्या मालकाने जड, झिजलेल्या सुईने रेकॉर्ड उगाळली असेल, तर बारीक धारेची सुई कधीकधी भिंतीचा न झिजलेला भाग गाठते आणि मेलेली वाटणारी प्रत बोलू लागते. नेहमीच होतं असं नाही.

नव्या प्रतींचे दोष वेगळे असतात. भोक किंचित बाजूला पडलं असेल तर लांबवलेला पियानोचा स्वर दर १.८ सेकंदांनी डुलतो, म्हणजे रेकॉर्डच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. दाबताना प्लॅस्टिक खाचेत पूर्ण भरलं नसेल तर एका कानात कापड फाटल्यासारखा आवाज येतो. तो धुऊन जात नाही, प्रत बदलूनच घ्यावी लागते. मी एका अल्बमची नवी आवृत्ती लागोपाठ तीनदा परत केली. चौथी निर्दोष निघाली आणि ती आजही माझी आवडती आहे. पहिल्या तीन प्रतींवरून त्या आवृत्तीला नावं ठेवली असती, तर केवढा अन्याय झाला असता.

प्रश्न: ब्रिटिश ईएमआयच्या जुन्या रेकॉर्डवर त्या पट्टीत मॅट्रिक्स नंबराशिवाय (कटिंगच्या क्रमांकाशिवाय) एक-दोन सुटी अक्षरंही दिसतात. त्यांचा अर्थ काय?

ते स्टॅम्परचे, म्हणजे रेकॉर्ड दाबणाऱ्या साच्याचे, क्रमांक आहेत. 'ग्रामोफोन लिमिटेड' या नावातून घेतलेली दहा रोमन अक्षरं, जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी आणि डी, ही १ ते ९ आणि ० म्हणून वापरली. म्हणजे 'जी' असेल तर पहिला स्टॅम्पर, 'आरओ' असेल तर पंचविसावा. मॅट्रिक्स नंबर तुमच्या समोर, घड्याळात सहा असतात तिथे आला की डावीकडे मदरचा, म्हणजे ज्या मधल्या साच्यावरून स्टॅम्पर बनतो त्याचा, आकडा आणि उजवीकडे ही अक्षरं सापडतील. स्टॅम्पर शेकडो रेकॉर्ड दाबून झिजतो, म्हणून सुरुवातीची अक्षरं लोक हौसेने शोधतात. पण 'जी' स्टॅम्परची शेवटची प्रत आणि 'आरओ'ची पहिली, यांत मी डोळे मिटून दुसरी घेईन.

प्रश्न: मग मूळ प्रत कधी शोधावी आणि नवी कधी घ्यावी?

मूळ प्रतीच्या बाजूने एक गोष्ट कायम उभी असते: ती कापली तेव्हा टेप ताजी होती. टेप म्हातारी होते. दर वाजवण्यागणिक वरचे नाजूक स्वर थोडे थोडे झडतात. सत्तरीच्या मध्यापासूनच्या काही टेपांवरचा चिकटवणारा थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी टेप मशीनवर लावण्याआधी मंद उष्णतेत तासन्‌तास भाजावी लागते, तेव्हा ती काही काळ वाजते. झांजेचा झडलेला झणका पन्नास वर्षांनंतर कुठलाही इंजिनियर परत आणू शकत नाही. तो वाढवू शकतो, पण जे नाही ते वाढवणार कसं?

नव्या आवृत्तीच्या बाजूने हे, की आजच्या इंजिनियरला साध्या प्लेअरची सुई उडेल ही भीती बाळगावी लागत नाही. फ्लीटवुड मॅकचा १९७७चा 'रूमर्स' स्टीव्ह हॉफमन आणि केविन ग्रे यांनी मूळ टेपवरून ४५च्या वेगासाठी दोन रेकॉर्डवर कापला. बास गिटारचा प्रत्येक स्वर तिथे सुटा, गोल ऐकू येतो. माझ्या जुन्या प्रतीत तो ड्रममध्ये मिसळून जातो. ४५साठी दर २०-२५ मिनिटांऐवजी दहा-बारा मिनिटांनी उठावं लागतं, ते मी आनंदाने उठतो.

आणि कधीकधी मूळ प्रतच चुकलेली असते. रॉकबाहेरचं उदाहरण आहे, पण सांगतोच: माइल्स डेव्हिसचा १९५९चा 'काइंड ऑफ ब्लू'. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी एक मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर थोडी चढ्या सुरात गेली. नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं. तोवर मूळ प्रतीबरोबर वाजवू पाहणाऱ्यांची वाद्यं तिच्याशी जुळत नव्हती, आणि दोष त्यांच्या वाद्यांचा नव्हता.

नव्वदीतल्या आणि त्यानंतरच्या रॉक अल्बमसाठी तर माझा कल उघडपणे नव्या, काळजीपूर्वक केलेल्या आवृत्तीकडे आहे. तेव्हा विनाइल हे दुय्यम काम झालं होतं. सीडीसाठी आवाज ठासून भरलेलं मास्टरच कित्येकदा जसंच्या तसं लेथवर गेलं.

प्रश्न: वडिलांच्या रेकॉर्ड माझ्याकडे आल्या. बऱ्याच घासलेल्या आहेत. नव्या आवृत्त्या घेऊन या काढून टाकू का? मला त्यातलं काही कळत नाही.

घाई करू नका. एक वही घ्या, एकेका रेकॉर्डची पट्टी वाचा आणि दोन्ही बाजूंची अक्षरं उतरवून काढा. 'पोर्की' असं काही कोरलेलं दिसलं तर ते जॉर्ज पेकहॅम यांचं कटिंग. त्यांची रॉक कटिंग मी घासलेल्या प्रतींतही ऐकत बसतो. 'टीएमएल' असेल तर डग सॅक्स यांचा मास्टरिंग लॅब. मग धुवा, चांगल्या सुईने ऐका आणि प्रत्येकीपुढे लिहा: कुठे खरखर, कुठे स्वर फाटतो, कुठे काहीच नाही. खरखर असेल तर घाबरू नका, कान तिच्यापलीकडे ऐकायला लवकर शिकतो. मोठ्या आवाजात स्वर फाटत असेल तर खाच गेलेली आहे, तिथे नवी आवृत्ती घ्या.

आणि एक निरीक्षण तुम्हाला आपोआप होईल. ज्या गाण्याआधी सुई टेकवल्याचे ओरखडे जास्त, ते तुमच्या वडिलांचं आवडतं गाणं. ती रेकॉर्ड वाजो न वाजो, तिच्याजवळ नवी प्रत ठेवा, तिच्या जागी नको. यादी झाली की मला पाठवा, आपण एकेक नाव बघू.